सरकारनी बाई

वैशाखात दोंडाईच्याला लग्न होतं, माझ्या चुलतमामाच्या नातीचं. साडेबाराचा मुहूर्त, बाहेर ऊन असं की मांडवाच्या कापडाखाली उभं राहिलं तरी डोक्यावर तवा ठेवल्यासारखं वाटत होतं, आणि कूलरची हवा पण कोमटच. पंगत वरण-बट्टीची. बट्टी चुरून त्यावर वरण आणि तूप घेतलं, बाजूला वांग्याची भाजी, मी दोन घास घेतले असतील नसतील तर मागून आवाज आला, "काय वं माय, वळखं का माले?" वळून बघितलं तर एक म्हातारे आप्पा. पांढरी टोपी, धोतर, हातात साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, घडी घालून काखेत धरलेली. चेहरा ओळखीचा वाटला पण नाव काही केल्या येईना. त्यांनीच हाताने खूण केली, "जेव जेव, मंग बोलूत," आणि ते खरंच मांडवाच्या खांबाला टेकून माझं जेवण होईपर्यंत उभे राहिले. मला तो घास घशाखाली उतरेना, कारण तोवर मला आठवलं होतं.

हात धुऊन आले तर पहिला प्रश्न, "तुन्ही माय कशी शे?" आई जाऊन तीन वर्षं झाली म्हटलं. त्यांनी टोपी काढली, थोडा वेळ हातात धरली, परत घातली. मग पिशवी उघडली. आत दुसरी पिशवी, तिच्या आत स्टॅम्पपेपरची झेरॉक्स, घड्यांवर फाटून सेलोटेप लावलेली, सेलोटेपही पिवळी पडलेली. आणि त्या कागदाला टाचणीने लावलेलं माझं व्हिजिटिंग कार्ड. २०१४ चं. जुना लोगो, जुनं पद, मागच्या बाजूला माझ्याच अक्षरात निळ्या शाईने लिहिलेला मोबाईल नंबर, शेवटचे दोन आकडे पुसलेले. "पोऱ्याले बँक लोन देत नही," आप्पा म्हणाले. "वकील म्हने पहिले हाऊ कागद रद्द करी आन. कोनाकडे जाऊ? तू सरकारनी बाई, तुलेच इचारसू म्हनं."

मी सरकारची कधीच नव्हते.

त्या रात्री धुळ्याला घरी आले, गच्चीवर गादी टाकली, आणि पहाटेपर्यंत झोप नाही. ते चिडले असते तर बरं झालं असतं असं सारखं वाटत होतं. ते चिडले नाहीत, उलट निघताना हळू आवाजात विचारलं की तो इसाराचा पैसा परत द्यावा लागेल का, म्हणजे ते शेळ्या विकून जमवतील. त्या प्रश्नाने मला जे झालं ते अजून नीट सांगता येत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

माझं काम काय हे मला कधी घरच्यांना समजावता आलं नाही. आई लोकांना सांगायची, पोरगी कंपनीत आहे पण कायम मंत्रालयात असते. ते ऐकून समोरचा अर्थ लावायचा तो लावायचा. १९९९ ला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम.ए. झाले तेव्हा एमपीएससी किंवा बी.एड. एवढेच दोन रस्ते दिसत होते. तेवढ्यात धुळ्यातल्या एका उद्योजक संघटनेत पत्रव्यवहार करायला माणूस हवा होता, पगार अठराशे, तिथे लागले. डाळमिलवाले, तेलमिलवाले, पाइपवाले, सगळ्यांची रड तीच. विजेचा दाब, रस्ता, पाणी, आणि अनुदानाची फाईल. मी त्यांची तक्रार सरकारी मराठीत लिहून द्यायची. "उपरोक्त विषयान्वये" पासून "ही विनंती" पर्यंत. नंदुरबार नुकताच, म्हणजे १ जुलै १९९८ ला, वेगळा जिल्हा झालेला, त्यामुळे अर्धी कागदपत्रं धुळ्यात आणि अर्धी नंदुरबारात, कोणता कागद कुठे हे मला पाठ झालं, आणि हळूहळू लोक म्हणायला लागले की त्या पोरीला विचारा, तिला माहीत असतं. कुणाला तरी माहीत असणं, एवढ्यावर पुढे माझं सगळं करिअर उभं राहिलं. २००६ ला एका मोठ्या कंपनीने घेतलं. कार्डावर छापून आलं गव्हर्नमेंट रिलेशन्स.

मग पुढची तेरा वर्षं ती रात्रीची गाडी. धुळ्याहून पॅसेंजरने नाहीतर एसटीने चाळीसगाव, तिथून मेन लाईनची गाडी पकडायची, सकाळी सीएसटीच्या लेडीज वेटिंग रूममध्ये तोंड धुवायचं, गाडीत चुरगळलेला ड्रेस बदलून कॉटनची साडी नेसायची, आणि पायी मंत्रालय. साडी का, तर पहिल्याच महिन्यात लक्षात आलं की साडीतल्या बाईला कक्ष अधिकारी "बसा मॅडम" म्हणतात. सगळ्या वह्या, देकारपत्रं (म्हणजे सरकारने देऊ केलेल्या सवलतींची पत्रं), गट नंबरांच्या याद्या एका कापडी पिशवीत, ती पिशवी आईने जुन्या पडद्याची शिवलेली, तिच्यात तळाशी कायम बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, पुडी. कॉरिडॉरमधला वास अजून येतो मला, जुन्या कागदाचा, फिनाईलचा आणि कँटीनच्या चहाचा. तिथे एका कक्ष अधिकाऱ्यांनी मला फाईल शिकवली, खरंच शिकवली, शाळेतल्या गुरुजींसारखी. टिपणी भाग वेगळा, पत्रव्यवहार वेगळा, पताका कुठे लावायची, वित्त विभागाचे अभिप्राय आले की पुढे काय. ते म्हणायचे, बाई, या नस्तीत माणूस दिसत नसतो, परिच्छेद क्रमांक दिसतो, तुम्हाला माणूस दाखवायचा असेल तर तो परिच्छेदात बसवून आणा. मी तसं करायला शिकले. शिंदखेडा तालुक्यात पाऊस किती पडतो, पोरं सुरतेला का जातात, हे सगळं मी दोन ओळीत "प्रस्तुत क्षेत्र अवर्षणप्रवण असून स्थानिक रोजगारनिर्मितीस वाव" असं बसवायला शिकले. चांगलं जमायचं मला ते. आज वाटतं ते जरा जास्तच चांगलं जमायचं.

२१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा मी धुळ्यात होते. टीव्हीवर धूर बघताना माझ्या डोळ्यासमोर माणसं होतीच, खोटं कशाला बोलू, पण त्यांच्याबरोबर फाईली पण होत्या. पुढचे कित्येक महिने जळालेल्या नस्त्या परत उभ्या करायचं काम चाललं, ज्यांच्याकडे प्रती होत्या त्यांच्याकडून त्या घेऊन, जिल्ह्यातल्या ऑफिसांतून मागवून. माझ्या घरी लोखंडी कपाटात सगळ्याची झेरॉक्स होती, संघटनेच्या दिवसांपासूनची सवय. मी दोन बॅगा भरून नेल्या. त्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं की आपल्या कामाला काहीतरी वजन आहे, एका अख्ख्या भागाचे कागद आपल्याकडे सांभाळलेले आहेत.

ज्यांना हे क्षेत्र माहीत नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. महाराष्ट्राने १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना चालवली आहे, दर काही वर्षांनी नवी, २००१ ची, २००७ ची, २०१३ ची, २०१९ ची. तिच्यात तालुक्यांची वर्गवारी असते. अ म्हणजे पुढारलेले, मग ब, क, ड, आणि ड प्लस. जेवढा तालुका मागास तेवढी सवलत जास्त, तेव्हाच्या विक्रीकरातला परतावा, वीज शुल्क माफ, मुद्रांक शुल्क माफ. आमचा भाग या यादीच्या खालच्या टोकाला. म्हणजे माझं कामच असं होतं की कंपनीसमोर नकाशा ठेवून सांगायचं, इथे या, कारण इथे काही नाही. पहिली काही वर्षं मला यात काही वाटलं नाही. नंतर नंतर प्रेझेंटेशनमध्ये "ड प्लस" म्हणताना माझ्या मावशीचं घर डोळ्यासमोर यायचं, तिथला हापसा, आणि घशात काहीतरी अडकायचं.

आणि याच भागात अमळनेर आहे. १९४५ ला तिथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याची पुढे विप्रो झाली, हे आपल्याकडे शेंबड्या पोराला पण माहीत असतं, शेअरच्या गोष्टी तर विचारूच नका. त्याआधी त्याच गावात प्रताप मिल. तेव्हा कुठलं पॅकेज होतं, कुठलं देकारपत्र होतं? शेंगदाणा होता, कापूस होता, रेल्वे होती आणि कुणीतरी माणूस होता ज्याने गावात पैसा टाकला. मी हे एकदा मुंबईच्या मीटिंगमध्ये म्हणाले तर सगळे कौतुकाने हसले आणि पुढच्या स्लाईडवर गेले. पण मी ते मनापासून म्हटलं होतं. सवलत वाईट असं माझं म्हणणं नाही, सवलतीमुळे आलेले कारखाने मी बघितले आहेत. पण ज्याला फक्त सवलत दिसते तो दुसऱ्या दारात जास्त दिसली की तिकडे वळतो.

हे मला नवापूरच्या स्टेशनवर कळलं होतं, आधीच. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिथे एक बाक आहे, त्याच्या मधोमध रेघ, इकडे महाराष्ट्र लिहिलंय, तिकडे गुजरात. लोक फोटो काढतात. मी २०११ च्या आसपास कंपनीच्या दोन साहेबांबरोबर तिथे गाडीची वाट बघत बसले होते. एक साहेब गंमतीने गुजरातच्या बाजूला सरकून बसले आणि म्हणाले, मॅडम आता मला इकडून किती द्याल? सगळे हसले, मी पण हसले. अनाउन्समेंट चालू होती, हिंदी, इंग्रजी, मराठी, गुजराती, एकामागून एक. समोर पावरा आदिवासी बायका डोक्यावर गाठोडी घेऊन सुरतेकडच्या गाडीसाठी धावत होत्या, त्यांच्यासाठी त्या रेघेला काही अर्थ नव्हता, जिकडे रोज मिळेल तिकडे. पुढे तिकडचेच कापडवाले महाराष्ट्राच्या वस्त्रोद्योग धोरणातल्या सवलतींसाठी नवापूरच्या एमआयडीसीत यायला लागले, म्हणजे माणसं रेघ ओलांडून तिकडे आणि लूम रेघ ओलांडून इकडे. मला त्याचा आनंदच झाला. पण ते साहेबांचं सरकून बसणं मनात राहिलं, आणि तीन वर्षांनी ते आठवायची वेळ आली.

आता आप्पांकडे येते.

२०१३ च्या पावसाळ्यात कंपनीने ठरवलं की अन्नप्रक्रियेचा कारखाना आमच्याकडे, तापीच्या खोऱ्यात काढायचा. जमीन थेट शेतकऱ्यांकडून घ्यायची. आपल्याकडे बिगर-शेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही, पण कूळकायद्यात कलम ६३-१अ आहे, खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापरासाठी घेता येते, दहा हेक्टरच्या वर असेल तर विकास आयुक्त (उद्योग) यांची परवानगी. हे सगळं मला तोंडपाठ. म्हणून जमिनीचं काम पण माझ्याकडे आलं. मी गावात जायची, मारुतीच्या पारावर बसायची, अहिराणीत बोलायची. कंपनीत मला घेतलं तेच त्यासाठी होतं बहुतेक, लोकल आहे, भाषा येते. आणि गावकऱ्यांना कंपनी म्हणजे काय दिसत नव्हतं, त्यांना जीप दिसायची, फाईल दिसायची, बरोबर एखादे तलाठी दिसायचे. "तुन्हं काम काय शे, ते सांग पहिलं," असं एका आजीने मला विचारलं होतं. मी म्हटलं, आजी, सरकारकडून परवानगी आणायचं काम. तिने बाजूच्या बाईला सांगितलं, सरकारनी बाई शे. तेच नाव पडलं. मी दुरुस्त केलं नाही. त्या नावामुळे दारं उघडत होती.

आप्पांचं वावर काळं, दोन बाजूंनी नाला, चार एकर. त्यांना तिथे लिंबूची बाग लावायची होती. रोपांची ऑर्डर देऊन झालेली, ठिबकचं कोटेशन आणलेलं, ते कोटेशन त्यांनी मला कौतुकाने दाखवलं होतं, मुलाने दोन दुकानांत फिरून भाव कमी करून आणला म्हणून. जानेवारी २०१४ ला साठेखत, म्हणजे पुढे खरेदी करायचा करार, झालं. इसार दिला, मुदत घातली, रजिस्टर केलं. सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसबाहेर चिंचेखाली आम्ही सगळे चहा प्यायलो. तेव्हा आप्पांनी विचारलं, खरेदीखत होईपर्यंत बाग लावू का? मुदतीपर्यंत रिकामी कशाला ठेवायची.

आणि मी म्हणाले, आप्पा, पक्कं आहे, यंदा बाग लावू नका.

हे वाक्य माझं. कंपनीने सांगायला लावलेलं नव्हतं, कुठल्या कागदावर नव्हतं. माझी फाईल तेव्हा वरच्या समितीपुढे जायच्या तयारीत होती, मी स्वतः टिपणी वाचली होती, मला खरंच पक्कं वाटत होतं. मी त्यांच्या भल्याचं बोलत होते, उगाच रोपांवर पैसा जाईल म्हणून. वर्षभराने कंपनीने दुसऱ्या राज्यात जागा घेतली. मला ते एका ईमेलमधून कळलं, तीन ओळींच्या, सकाळी नऊ वाजता. मी गावात गेले, पारावर बसले, सांगितलं. लोक गप्प होते. कुणी शिवी दिली नाही. साठेखतं रद्द करून देऊ म्हटलं, आणि मुंबईला लीगलकडे यादी पाठवली, आठवण केली, परत आठवण केली, मग दुसरं काम आलं, दुसरा तालुका, दुसरी फाईल. मी सोडलं ते तिथे.

जानेवारी २०१८ मध्ये विखरणचे धर्मा पाटील गेले. विखरण आमच्याच शिंदखेडा तालुक्यातलं, दोंडाईच्याजवळचं. सौर प्रकल्पात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी हेलपाटे मारून मारून थकलेला ऐंशीच्या पुढचा माणूस, मंत्रालयात त्यांनी विष घेतलं आणि आठवड्याभरात गेले. ज्या कॉरिडॉरमध्ये मी बारा वर्षं चालले त्याच इमारतीत. त्या दिवसांत मी फेब्रुवारीतल्या मॅग्नेटिक महाराष्ट्र या गुंतवणूक परिषदेच्या तयारीत होते, बीकेसीत १८ ते २० फेब्रुवारी, तिथे १२ लाख कोटींचे सामंजस्य करार जाहीर झाले. तोवर मंत्रालयात मधल्या मोकळ्या जागेत, वरून कुणी उडी मारू नये म्हणून, जाळी बसवलेली होती. मी पास काढून वर गेले, तिसऱ्या मजल्यावरून खाली बघितलं तर जाळीच्या चौकोनांतून माणसं छोटी छोटी दिसत होती, हातात पिशव्या, फाईली, एकाच्या डोक्यावर टोपी. मला माझ्या गावातले सगळे आप्पा एकदम आठवले. त्या संध्याकाळी मी यादी परत काढायला पाहिजे होती. नाही काढली. परिषद होती, पाहुणे होते, एअरपोर्टला गाडी पाठवायची होती.

हे मी कुणाला दोष द्यायला लिहीत नाहीये. सरकारी ऑफिसात मला जेवढी कामाची माणसं भेटली तेवढी कंपनीत पण नाही भेटली, संध्याकाळी सात वाजता एकट्या दिव्याखाली त्रुटींची यादी करून देणारी माणसं. आणि जे उभं राहिलं ते पण खोटं नाही. नरडाण्याच्या फाट्यावर सकाळी शिफ्टची बस थांबते, तिच्यात ड्युटीला जाणाऱ्या पोरी चढतात, डोक्याला स्कार्फ, हातात डबा, एकीने तर मला थांबवून सांगितलं होतं की तिच्या पगारावर भावाचं डिप्लोमाचं शिक्षण चाललंय. ती फाईल माझी होती. सात वेळा परत आली होती, शेवटी पात्रता प्रमाणपत्र निघालं त्या दिवशी मी व्हीटीच्या बाहेर एकटीने दोन वडापाव खाल्ले आणि गाडीत बसल्यावर रडले होते. मनमाड-इंदूर रेल्वेचं मी लहानपणापासून दर निवडणुकीत ऐकलं, वडील म्हणायचे मी असेपर्यंत होत नाही, आणि सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, ३०९ किलोमीटर, धुळ्यावरून, नरडाण्यावरून. ती बातमी वाचली तेव्हा वडील नव्हते, पण मी मोठ्याने वाचली. मला अजून वाटतं की आमच्या भागात कारखाने यावेत, पोरांना सुरतेत उधन्याच्या खोल्यांमध्ये बारा-बारा जण राहायला लागू नये. त्यासाठी कुणीतरी या दारातून त्या दारात जायलाच पाहिजे. फक्त आता मला वाटतं की किती करार झाले ते मोजतो तसं त्या करारांच्या भरवशावर किती जणांनी पेरणी थांबवली, विहीर थांबवली, पोरीचं लग्न पुढे ढकललं, हे पण कुठेतरी लिहून ठेवायला पाहिजे. अशी नोंदवही कुठल्याच टेबलावर मी बघितली नाही, आणि माझ्याकडे एवढी कपाटं भरून कागद आहेत पण माझ्याकडे पण नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी कपाट उघडलं. यादी सापडली. अकरा साठेखतं. आठ रद्द झालेली निघाली, कुणीतरी नंतर केलं होतं, देव त्याचं भलं करो. तीन राहिलेली, त्यात आप्पांचं. मी २०१९ ला नोकरी सोडली, आता धुळ्यात छोट्या उद्योजकांच्या फाईली करून देते, आणि ती कंपनी तर मधल्या काळात दुसऱ्याच कंपनीत विलीन झाली. ज्यांच्या सहीने साठेखत झालं ते साहेब कुठे आहेत कुणाला माहीत नाही. सातबाऱ्यावर काही दिसत नाही, आप्पांचं नाव शुद्ध आहे, पण बँकेच्या वकिलाने सर्च घेतला की नोंदणी कार्यालयाच्या इंडेक्स टूमध्ये ते साठेखत वर येतं आणि लोन तिथे थांबतं. रद्दलेख करायचा तर दोन्ही पक्ष लागतात. नव्या कंपनीचा बोर्डाचा ठराव, सही करणाऱ्याच्या नावाने अधिकारपत्र, आणि तो माणूस इथे सब-रजिस्ट्रारपुढे हजर. मी पुण्याला दोनदा जाऊन आले. तिथल्या लीगलमधली मुलगी पंचविशीची, तिला आधी विषयच कळेना, चार एकरासाठी एवढं? मग मी तिच्यापुढे ते कार्ड ठेवलं, सेलोटेपवाला कागद ठेवला. तिने कागद उचलला नाही, नुसता बोटाने सरळ केला, घडीवरून हळूच बोट फिरवलं. म्हणाली, मॅडम, मी ठरावाचा मसुदा आजच टाकते. मसुदा टाकला. ठराव पुढच्या बैठकीत.

आप्पांना मी पहिल्याच दिवशी फोन करून दोन गोष्टी सांगितल्या. एक, इसाराचा एक रुपयाही परत द्यायचा नाही, माघार त्यांनी घेतली, तुम्ही नाही, शेळ्यांना हात लावायचा नाही. दुसरी, मी सरकारची बाई नाही, कधीच नव्हते, कंपनीची होते, आणि आता कंपनीची पण नाही. दुसरं सांगायला मला दहाहून जास्त वर्षं लागली. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. तू येशी ना पन?" म्हटलं, येईन.

तेव्हापासून दर सोमवारी त्यांचा फोन. सोमवारी ते बाजाराला दोंडाईच्याला येतात, मुलाच्या फोनवरून लावतात. मागे भाज्यांचे भाव ओरडणं, टेम्पोचा हॉर्न, मिरचीच्या ठसक्याने कुणीतरी खोकतंय. "व्हयनं का?" एवढंच विचारतात. नाही अजून म्हटलं की पावसाचं बोलतात, कपाशीचं बोलतात, आणि ठेवतात. परवाच्या सोमवारी फोन आला नाही. मी दुपारपर्यंत वाट बघितली, जेवण झालं, भांडी झाली, मग मीच लावला. उचलला मुलाने, आप्पा वावरात आहेत म्हणाला, थांबा देतो, आणि चालत गेला असावा कारण बराच वेळ नुसता वारा आणि चपलांचा आवाज. आप्पा फोनवर आले ते धापा टाकत. मुलाला नर्सरीवाला भेटला होता, यंदा लिंबूची रोपं चांगली आहेत, पाऊस पडायच्या आत खड्डे तयार असले तर बरं. "खड्डा खंदी ठेवू का वं माय?" त्यांनी विचारलं.

माझ्या तोंडावर आलं होतं. बैठक पंधरा दिवसांवर आहे, मसुदा मंजूर होईल, ती मुलगी चांगली आहे.

"आप्पा," मी म्हणाले, "ठराव अजून झालेला नाही, सही कधी होईल ते मला माहीत नाही. लोन मिळेल की नाही हे मी आज सांगू शकत नाही. पण वावर तुमचं आहे. बाग लावायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही, माझी पण नाही."

पलीकडे वारा. मग त्यांनी फोन तोंडापासून लांब धरून मुलाला काहीतरी सांगितलं, मला नीट ऐकू आलं नाही, आणि थोड्या वेळाने टिकावाचा आवाज आला, एकदा, परत एकदा. फोन त्यांनी कट केला नव्हता, बहुतेक बांधावर ठेवून दिला असावा. मी पण कट केला नाही.